ताटावरचा लाल ठिपका

सातारा जिल्ह्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

“डॉक्टरताई, माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, सहावीत. आमचं एकत्र कुटुंब, घरात चार मुलं. गेल्या पावसाळ्यात याचे डोळे आले, ताप आला, आठवडाभर जुलाब झाले. तेव्हा वजन ४५ किलो होतं. त्यानंतर जे वाढायला लागलं ते आता ५४ झालंय. चौघं एकाच कढईतलं जेवतात. बाकीची तिघं काटक, हाच एकटा अंगाने सुटला. मागच्या महिन्यात धाकट्या जाऊबाईंच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. लठ्ठपणा व्हायरसमुळे होतो आणि सर्दीसारखा पसरतो, असं त्यात होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी याचं ताट वेगळं केलं. ओळखू यावं म्हणून मागच्या बाजूला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावलाय. मी भांडले नाही. खरं सांगते, मलाही वाटलं, असेलही. परवा जेवण झाल्यावर त्याने ताट स्वतः घासलं, फडक्याने पुसून फळीच्या कडेला ठेवलं आणि विचारलं, ‘आई, माझ्यामुळे ओवी पण जाड होईल का गं?’ ओवी म्हणजे जाऊबाईंची मुलगी. मला उत्तर सुचलं नाही. ओळखीचे एकजण म्हणतात, रक्त मुंबईला पाठवून या व्हायरसची तपासणी करता येते, काही हजार लागतील. करू का? वजन ५४ म्हणजे फारच ना? मानेवरचा मळ किती घासला तरी निघत नाही, रात्री घोरतो. सगळे म्हणतात मीच लाड करून बिघडवला. चूक माझी आहे का?”

तुमच्या मुलाचा प्रश्न आधी घेते, कारण या पत्रात सगळ्यात तातडीचा तोच आहे. नाही. त्याच्यामुळे ओवी जाड होणार नाही. त्याच्या ताटात जेवली, त्याच्या पेल्यातलं पाणी प्यायली, त्याच्या अंथरुणात शिरून गोष्टी ऐकत झोपली, तरी होणार नाही. हे त्याला आज रात्रीच सांगा, डॉक्टरांनी लिहून कळवलंय म्हणून सांगा. आपण घरातल्यांना धोका आहोत असं अकरा वर्षांच्या पोराला वाटायला लागलंय आणि ते गुपचूप ताट घासून बाजूला ठेवतंय, हे वाचून मला रात्री झोप लागली नाही. वजनाचं आपण नंतर बघू. आधी हे त्याच्या मनातून काढा.

आता तो व्हिडिओ. जाऊबाईंनी काहीतरी भलतंच मनावर घेतलं असं मी म्हणणार नाही. त्यामागे खरं संशोधन आहे, आणि त्याची सुरुवात चक्क आपल्या मुंबईत झाली. ती हकीकत नीट कळली की ताट वेगळं करायचं कारण उरत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१९८०च्या दशकात डॉ. निखिल धुरंधर मुंबईत लठ्ठपणावर उपचार करत असत. वडीलही याच क्षेत्रातले डॉक्टर. त्या सुमारास एका विषाणूमुळे कोंबड्यांमध्ये मोठी मरतूक लागली होती. डॉ. एस. एम. अजिंक्य हे पशुवैद्यक शास्त्रज्ञ त्याचा शोध घेत होते, आणि धुरंधरांशी त्यांचा घरोबा होता. बोलता बोलता त्यांनी मेलेल्या कोंबड्यांचं वर्णन केलं: यकृत मोठं आणि फिकट, पोटात चरबीच चरबी. धुरंधर तिथे थबकले. ज्यांच्या घरी गुरं-कोंबड्या आहेत त्यांना हे लगेच कळेल. रोगाने मरणारं जनावर खंगतं, हाडं वर येतात. मग या कोंबड्या मरताना गुबगुबीत कशा?

त्यांनी निरोगी कोंबड्या घेतल्या, काहींना तो विषाणू टोचला आणि काहींना नाही. खाणं सगळ्यांना तेच. टोचलेल्या कोंबड्यांच्या पोटात चरबी जास्त जमली. आणखी एक उलटी गोष्ट दिसली. चरबी वाढली की रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढायला हवं, ते या कोंबड्यांमध्ये कमी झालं होतं. या विषाणूचं नाव एसएमएएम-१. तो एडिनोव्हायरस जातीचा, म्हणजे आपल्याला सर्दी-ताप, डोळे येणं, जुलाब देणारे जे विषाणू असतात त्यांच्या भाऊबंदांपैकी, फक्त पक्ष्यांमधला.

मग धुरंधरांनी मुंबईतल्या आपल्या ५२ रुग्णांचं रक्त तपासलं. विषाणू येऊन गेला की त्याच्या खुणा रक्तात मागे राहतात. करोनाच्या काळात अँटिबॉडी हा शब्द घरोघरी पोचला, त्याच या खुणा. पक्ष्यांचा हा विषाणू माणसाला लागेल असं तेव्हा कुणाला वाटत नव्हतं. पण ५२ पैकी दहाजणांच्या रक्तात त्याच्या अँटिबॉडी निघाल्या. ते दहाजण बाकीच्यांपेक्षा वजनाने जास्त होते आणि त्यांचंही कोलेस्टेरॉल कमी होतं. हे निष्कर्ष १९९७ साली छापून आले.

तोवर धुरंधर अमेरिकेला गेले होते. एसएमएएम-१ तिकडे न्यायला तिथल्या कृषी खात्याने परवानगी दिली नाही. म्हणून विस्कॉन्सिन विद्यापीठात डॉ. रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांच्याबरोबर काम करताना त्यांनी माणसांमधलाच एक एडिनोव्हायरस निवडला. त्याचा क्रमांक ३६. हा विषाणू १९७८ साली जर्मनीत, जुलाब झालेल्या एका सहा वर्षांच्या मुलीच्या विष्ठेत पहिल्यांदा सापडला होता. कोंबड्या आणि उंदीर, दोन्हींमध्ये त्याने चरबी वाढवली. पुढे मार्मोसेट जातीच्या छोट्या माकडांना तो दिला, तर त्यांचंही वजन न टोचलेल्या माकडांपेक्षा बरंच वाढलं. २००१मध्ये धुरंधरांनी या सगळ्याला नाव दिलं: इन्फेक्टोबेसिटी, म्हणजे संसर्गातून येणारा लठ्ठपणा. तुमच्या जाऊबाईंच्या व्हिडिओत हाच शब्द असणार.

हे शरीरात कसं घडतं, तेही थोडं कळलं आहे. आपल्या चरबीच्या थरात कोऱ्या पेशी असतात. पुढे काय व्हायचं ते त्यांचं ठरलेलं नसतं. २००७मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात संशोधकांनी चरबी काढायच्या शस्त्रक्रियेतून अशा पेशी मिळवल्या आणि काचेच्या बशीत काहींना हा विषाणू लावला. साधारण आठवड्याभरात विषाणू लागलेल्या पेशींपैकी बहुतेक चरबीच्या पेशी झाल्या. विषाणूतलं एक जनुक पेशीला रक्तातली साखर जास्त ओढून घ्यायला लावतं. चरबी वाढूनही कोलेस्टेरॉल आणि साखर बिघडत नाही, या कोड्याचं काही अंशी उत्तर इथे मिळतं. त्याच जनुकाच्या वाटेने मधुमेहावर औषध काढता येईल का, हाही शोध चालू आहे. मला या सगळ्यात सगळ्यात आशेची गोष्ट हीच वाटते.

आता माणसांचे आकडे, आणि इथे जाऊबाईंना शेजारी बसवून वाचून दाखवा. अमेरिकेतल्या तीन राज्यांतल्या ५०२ लोकांचं रक्त तपासून २००५मध्ये निष्कर्ष आले. लठ्ठ लोकांपैकी ३० टक्क्यांच्या रक्तात क्रमांक ३६च्या खुणा होत्या, लठ्ठ नसलेल्यांपैकी ११ टक्क्यांच्या. फरक आहे, दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पण तोच आकडा उलटा करून बघा. लठ्ठांपैकी ७० टक्के लोकांना हा विषाणू कधी शिवल्याची खूणही नव्हती. आणि विषाणू येऊन गेला तरी सडपातळ राहिलेले लोकही होतेच. २०१०मध्ये कॅलिफोर्नियात १२४ मुलं तपासली. लठ्ठ मुलांपैकी २२ टक्क्यांमध्ये खुणा होत्या, बाकीच्यांमध्ये ७ टक्के. म्हणजे तिथेही बहुसंख्य लठ्ठ मुलांचा या विषाणूशी संबंध दिसला नाही. त्याच वर्षी अमेरिकी सैन्यातल्या लोकांचा एक अभ्यास आला, त्यात लठ्ठ आणि सडपातळ यांच्यात काही फरकच निघाला नाही. पुढच्या वर्षी नेदरलँड्स-बेल्जियममधल्या लोकांतही नाही निघाला.

“चौघं एकाच कढईतलं जेवतात” हे तुमचं वाक्य वाचताना मला जुळ्यांचा अभ्यास आठवला. २००५च्या त्याच संशोधनात जुळ्या भावंडांच्या जोड्याही होत्या. ज्या जोड्यांमध्ये एकाला विषाणू येऊन गेला होता आणि दुसऱ्याला नाही, तिथे विषाणूवाल्याची चरबी थोडी जास्त निघाली: सरासरीने २९.६ टक्के, तर दुसऱ्याची २७.५. यातला “थोडी” हा शब्द महत्त्वाचा आहे. विषाणूचा हात असला तरी तो एवढासा असावा. वर्षात नऊ किलो तो एकटा चढवेल असं मला वाटत नाही.

पक्का पुरावा का मिळत नाही, असंही तुम्ही विचाराल. कोंबडीला विषाणू टोचून वजन मोजत बसता येतं, माणसाच्या लेकराला टोचता येत नाही आणि टोचूही नये. त्यामुळे माणसांमध्ये एवढंच कळतं, की दोन गोष्टी काही जणांत एकत्र दिसतात. आधी विषाणू आला आणि मग लठ्ठपणा, की लठ्ठ शरीरात विषाणूच्या खुणा जास्त टिकतात, हे त्या रक्ताच्या एका थेंबावरून ठरत नाही. माझं मत विचाराल तर काही माणसांच्या बाबतीत यात तथ्य निघेल असं मला वाटतं, आणि हे संशोधन पुढे जावं अशी मनापासून इच्छा आहे. पण तुमच्या मुलाला हेच झालं आहे असं आज कुणीही डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकत नाही.

म्हणूनच ती तपासणी करू नका. ते पैसे ठेवा, पुढे सांगते त्या तपासण्यांना लागतील. अँटिबॉडी निघाल्या तर एवढंच कळेल, की हा विषाणू कधीतरी येऊन गेला. नाही निघाल्या तर तेवढंच कळेल, की बहुधा आला नव्हता. दोन्ही वेळेला उपचार एकच. या विषाणूने आलेला लठ्ठपणा उतरवणारं औषध नाही, आणि त्याला अडवणारी लसही बाजारात नाही. उद्या कुणी “व्हायरस काढून टाकतो” म्हणून काढा, पावडर, इंजेक्शन देऊ केलं तर दारातूनच परत पाठवा.

आणि ताट? एडिनोव्हायरस पसरतो हे खरं. चिवटही असतो, हाताला, टॉवेलला, दाराच्या कडीला काही काळ टिकून राहतो. एका पिंजऱ्यातल्या आजारी कोंबडीकडून दुसऱ्या कोंबडीला क्रमांक ३६ लागल्याचे प्रयोग झाले आहेत, तेही लपवत नाही. पण पसरतो तो मुख्यतः आजारपणाच्या दिवसांत आणि त्यानंतर काही काळ. गेल्या पावसाळ्यात त्याचे डोळे आले होते, तेव्हा टॉवेल आणि उशी वेगळी ठेवणं योग्य होतं. ठेवली असेल तर चांगलं केलंत. चरबी दिसायला लागते तोवर विषाणू पसरण्याचे दिवस बहुधा केव्हाच सरलेले असतात. लठ्ठ माणसाकडून लठ्ठपणा लागत नाही. लागायचाच झाला तर विषाणू लागेल, आणि तो शेजारच्या एखाद्या सडसडीत, नाक गळणाऱ्या पाहुण्याकडूनही लागेल. त्याचं ताट काही आपण वेगळं करत नाही. घरातल्या सगळ्यांनी जेवणाआधी आणि संडासहून आल्यावर साबणाने नीट चोळून हात धुवावेत. यापलीकडे काही नको.

आता मला तुमच्या पत्रातल्या ज्या गोष्टींची खरी काळजी वाटली त्यांच्याकडे वळते. तुम्ही त्या शेवटी, जाता जाता लिहिल्या आहेत.

मानेवरचा मळ. तो मळ नाही हो. घासू नका. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक मुलगी आली होती, बारा वर्षांची, गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळलेली. ओढणी सोडली तर मान सोललेली, खपल्या धरलेल्या. आईने बेसन-लिंबू लावून झालं, दगड लावून झाला, शेवटी टाचा घासायच्या वजरीने मान घासली होती. मुलगी आंघोळ नीट करत नाही म्हणून मारही बसला होता. त्या आईला मी सांगितलं तेच तुम्हाला सांगते. मानेच्या मागे, काखेत, कधी कोपरावर कातडी अशी काळी, जाडसर, मखमलीसारखी झाली तर ती आतून झालेली असते. रक्तातली साखर पेशींमध्ये नेणारं जे इन्सुलिन, त्याचं म्हणणं शरीर नीट ऐकत नाही, म्हणून शरीर ते जास्त जास्त बनवतं. जादा इन्सुलिनचा परिणाम कातडीवर असा उमटतो. पुढे मधुमेहाकडे जाण्याची ही आगाऊ सूचना आहे, आणि ती वेळेत मिळाली आहे. वजन आटोक्यात आलं की काळेपणाही हळूहळू उतरतो. साबणाने उतरत नाही.

दुसरं घोरणं. लठ्ठ मूल घोरतं तेव्हा घरात कौतुकाने “गाढ झोपलाय” म्हणतात. झोप गाढ नसते, श्वास अडकून अडकून तुटत असते. एका रात्री जागून बघा: घोरता घोरता मध्येच गप्प होतो का, मग दचकून श्वास घेतो का, तोंड उघडं असतं का. सकाळी उठवत नाही, वर्गात पेंगतो, अशी शाळेची तक्रार आहे का? अपुऱ्या झोपेने भूक वाढते आणि वाढत्या वजनाने घोरणं वाढतं, असा फेरा सुरू होतो. या वयाच्या मुलाला निदान नऊ तास झोप हवी. नाकामागे अ‍ॅडेनॉइड नावाच्या गाठी असतात, त्या वाढल्या असतील तर कान-नाक-घशाचे डॉक्टर बघून सांगतील. एडिनोव्हायरसला नाव मिळालं ते याच गाठींवरून. १९५३मध्ये तो पहिल्यांदा त्यांच्यात सापडला होता.

तिसरी गोष्ट तुम्ही लिहिलीच नाहीत. वजन तुम्ही तीनदा लिहिलंत: ४५, ५४ आणि पुन्हा ५४. उंची एकदाही नाही. मुलाच्या डॉक्टरला वजनाच्या जोडीला उंची लागतेच, नाहीतर वजनाचा आकडा आंधळा असतो. खाण्यापिण्याने, बसून राहण्याने जाड झालेलं मूल बहुधा उंचीलाही बरं वाढत असतं, वयापेक्षा थोराड दिसतं. वजन वाढतंय पण उंची थांबली आहे, शाळेच्या पँटची लांबी वर्षभर तीच पुरते आहे, असं असेल तर कारण वेगळं असू शकतं: थायरॉईड, किंवा शरीरात स्टेरॉइड जास्त होणं. अशा वेळी लवकर दाखवायला हवं. त्याच्या मागच्या वर्षीच्या पँटा काढा आणि घालून बघा. कमरेला होणार नाहीत. पण घोट्याच्या वर गेल्या आहेत का, ते मला महत्त्वाचं आहे.

आणि चौथी, जी विचारताना मला संकोच होतो, पण विचारते. आजारपणानंतर त्याला काय काय दिलं? “पोर किती उतरलं” म्हणून भूक लागायचं सिरप आणलं होतं का? बाटली अजून घरात असेल तर त्यावर सायप्रोहेप्टाडिन असं नाव आहे का बघा. आठ दिवसांसाठी आणलेलं ते औषध घराघरांत महिनोन्‌महिने चालू राहतं, कारण पोर छान जेवायला लागतं. दमा, खाज, सारखी सर्दी यांसाठी कुणी पुड्या किंवा गोळ्या देत आहे का? प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन या नावांची औषधं स्टेरॉइड असतात. ती फार दिवस घेतली तर भूक आणि वजन दोन्ही वाढतात, चेहरा गोल होतो, उंची खुंटते. अशी औषधं चालू असतील तर मात्र एकदम बंद करू नका. एकदम तोडणं धोक्याचं असतं, डॉक्टरांना विचारून कमी करा. आणि सासूबाईंनी नातवाची ताकद भरून यावी म्हणून रोज सकाळी तुपातला शिरा दिला असेल, तर त्यात दोष कुणाचाच नाही. आजारातून उठलेल्या लेकराला आपल्याकडे असंच प्रेम दिलं जातं. फक्त आजार संपला तरी शिरा संपला नाही, एवढंच झालेलं असतं. विषाणूपेक्षा मला ही शक्यता जास्त वाटते, आणि ही आपल्या हातातली आहे.

तर त्याला घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. उंची, वजन, कंबर आणि रक्तदाब मोजून घ्या. उपाशीपोटी साखर, थायरॉईड, कोलेस्टेरॉल आणि यकृताची तपासणी करायला सांगतील. यापैकी बरंच काही सरकारी रुग्णालयात होतं. डॉक्टरांकडे मुलांच्या वाढीचा तक्ता असतो, त्यावर त्याचा ठिपका कुठे बसतो ते तुम्हाला दाखवायला सांगा.

घरात काय करायचं? या वयात वजन धाडकन उतरवायचं नसतं, आधी थोपवायचं असतं. पोर उंच होत राहतं आणि आहे ते वजन त्या उंचीवर पसरतं. उपाशी ठेवू नका, रात्रीचं जेवण बंद करू नका, पावडरी आणू नका. आणि “डाएटचं” म्हणून त्याच्यासाठी वेगळं ताट तर मुळीच वाढू नका. एक वेगळं ताट आपण काढतोय, दुसरं कशाला मांडायचं! जो काही बदल करायचा तो चौघांसाठी, मोठ्यांसाठीसुद्धा. चहाबरोबरची खारी-बटर आणि बिस्किटांचे पुडे घरात येणं थांबवा. संध्याकाळी शाळेतून भुकेलेली मुलं येतात तेव्हा भडंगाचा डबा हाताशी असतो, तिथे गरम भाकरी-भाजी, उसळ, शेंगा उकडून, ताक असं काही तयार ठेवा. थंड पेयाची बाटली सणालाच. टीव्हीसमोर जेवण नको, कारण किती खाल्लं ते पोटाला कळत नाही. दिवसात एक तास धाप लागेल असं खेळणं हवं. त्याला “पळ, वजन कमी होईल” असं सांगू नका; चौघांना मिळून अंगणात, रानात पिटाळा. तो मागे पडत असेल, चिडवतात म्हणून खेळायला जात नसेल, तर आधी सायकल द्या. सायकलवर जाड मुलगा लवकर दमत नाही आणि कुणाच्या मागेही पडत नाही.

चूक तुमची आहे का, असं विचारलंत. एकच जेवण चार मुलांच्या अंगाला चार तऱ्हेने लागतं. कुणाची भूक लवकर भागते, कुणाची नाही. कुणाचं शरीर साठवतं, कुणाचं जाळून टाकतं. यात आई-वडिलांकडून आलेली जनुकं आहेत, झोप आहे, औषधं आहेत, कदाचित एखादा विषाणूही आहे. “खादाड आहे” आणि “आईने लाडावला” ही दोन कारणं पुरेशी नाहीत, हे तर मुंबईतल्या त्या कोंबड्यांनीच दाखवून दिलं. त्यांना कुणी लाडावलं नव्हतं. म्हणूनच मला फार वाईट वाटलं, की ज्या संशोधनामुळे जाड मुलावरचा दोष हलका व्हायला हवा, त्याच संशोधनाचं नाव सांगून तुमच्या घरात त्याचं ताट वेगळं झालं.

जाऊबाईंवर रागावू नका. ओवी त्यांची लेक आहे, व्हिडिओ बघून त्या घाबरल्या. घाबरलेली आई जे करते ते त्यांनी केलं. हे पत्र त्यांना वाचायला द्या. त्यांना पटलं, तर तो लाल ठिपका त्यांनीच पुसावा, आणि मुलाच्या देखत पुसावा. तुम्ही पुसलात तर घरात वाद मिटेल. त्यांनी पुसला तर त्याला कळेल, की काकूला आता आपली भीती वाटत नाही. मग ते ताट फळीच्या कडेला न ठेवता बाकीच्या ताटांच्या चळतीत मधोमध सरकवा.

आणि या रविवारी एक करा. चौघांनाही दाराच्या चौकटीला पाठ टेकवून उभं करा, पायात चप्पल नको, टाचा चौकटीला लागलेल्या. डोक्यावर लाकडी पट्टी सपाट धरून पेन्सिलने रेघ मारा आणि शेजारी नाव, तारीख लिहा. सहा महिन्यांनी त्याच चौकटीला पुन्हा उभे करा. या वयात त्याची रेघ अडीच-तीन सेंटिमीटर वर गेली पाहिजे. मला कळवा किती गेली. पुढच्या पत्रात वजन लिहायचं राहिलं तरी चालेल, उंची मात्र नक्की लिहा.